घरचा भाव आणि बाजारभाव
(येडशी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



येडशीत भावाने भावास सोयाबीन स्वस्त दिले, तर त्यास आपण जिव्हाळा म्हणतो. परंतु एकाच मालकीच्या दोन कंपन्या दोन देशांत असून येथील कंपनीने आपला माल तिकडील कंपनीस कमी दराने दिला, तर नफा तिकडे जातो व आपला देश करास मुकतो. म्हणूनच २००१ च्या वित्त अधिनियमाने असा व्यवहार त्रयस्थाशी ठरेल त्याच भावाने मोजावा, त्याची कागदपत्रे राखावीत व सनदी लेखापालाचा अहवाल द्यावा, असे बंधन घातले.

कायद्याची मर्यादा मात्र सरकारी खात्यासही आहे. व्होडाफोनच्या भारतीय कंपनीने मॉरिशसमधील आपल्या धारक कंपनीस भाग कमी किमतीत दिले, असे म्हणून आयकर खात्याने कर मागितला. भागविक्रीतून भांडवल येते, उत्पन्न नव्हे. सबब हा कर लागत नाही, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर २०१४ रोजी दिला. २०१५ मध्ये सरकारने तो मान्य केला.

हिशेबाच्या व्यवसायात शिरणाऱ्या आपल्या तरुणांस आमचे एवढेच सांगणे आहे : भाव ठरेल त्याच दिवशी त्याचे कारण लिहून ठेवा. नोटीस आल्यावर शोधलेल्या कारणावर कोण विश्वास ठेवील?