निरोप पुसणारा जंतू

श्रोतेहो, फळा पुसलाच नाही तर पुढचा धडा लिहायचा कुठे? आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूलाही हीच अडचण. दुधातली साखर मिळाली, की ती पचवणारे प्रथिन तयार करण्याचा निरोप आर.एन.ए.च्या धाग्यावर उतरतो. असा निरोप्या आर.एन.ए. १९६१ साली याच जंतूत दाखवला गेला. साखर संपल्यावरही निरोप टिकला, तर जंतूची शक्ती फुकट जाईल. म्हणून ‘आरएनएज-ई’ नावाचे विकर धागा मध्येच तोडते. दुसरी विकरे ते तुकडे टोकाकडून कुरतडतात. निरोपाचे आयुष्य अवघे काही मिनिटांचे! सुटलेले घटक मात्र वाया जात नाहीत, त्यांतूनच नवे निरोप लिहिले जातात. शिक्षकबंधुभगिनींनो, फळा पुसताना मुलांना एवढे जरूर सांगा.