ब्लीक्लोवरील विमान

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यांत ब्लीक्लो नांवाचें ओसाड, दलदलीचें पठार आहे. ३ नोव्हेंबर १९४८ रोजीं स्कॅम्प्टनहून बर्टनवुडकडे निघालेलें अमेरिकेचें बी-२९ जातीचें विमान, ढगांनीं झांकलेल्या येथील सुमारें ६२० मीटर उंचीच्या माथ्याजवळ आदळलें आणि आंतील तेराही जण मृत्युमुखीं पडले. १९४६ सालीं बिकिनी येथील अणुस्फोटांची छायाचित्रें घेण्याच्या कामीं हेंच विमान होतें!

त्याचीं इंजिनें व मोडके सांगाडे अद्याप तेथेंच विखुरलेले आहेत. दुरून माणसें पायपीट करून तें पाहावयास येतात. कोणी लांकडी क्रूस ठेवून जातो, तर कोणी आठवण म्हणून एखादा तुकडा खिशांत घालतो. १९८६ च्या ब्रिटिश कायद्यानें लष्करी विमानांच्या अशा जागांस संरक्षण दिलें असून, परवान्यावांचून तेथील वस्तु हलविणें हा गुन्हा ठरतो. परंतु त्या निर्जन पठारावर पहारा कोण करणार? तेथें पाहुण्याची सद्बुद्धि हाच पहारा.

घरीं आणलेला तुकडा म्हणजे नुसता पत्रा. जागेवर असतांना मात्र तो तेरा जणांची कथा सांगतो. ती कथा पुढील येणारासही ऐकावयास मिळावी, म्हणून तेथून रिकाम्या हातीं परतणें हेंच उचित.