अपटाइमचे सत्कार बंद करा



 साध्या युजरला रूट करून सोडणाऱ्या त्रुटींचा आढावा घ्या, असं परिषदेच्या आयोजकांनी अध्यक्षीय भाषणासाठी कळवलं होतं. तो उरकून टाकते. सुडोमधली त्रुटी 2011 साली शिरली, 2021च्या जानेवारीत उघड झाली. पीकेएक्झेकमधली 2009पासून होती, 2022च्या जानेवारीत उघड झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये डर्टी पाइप. तिघींनाही गांभीर्याचे गुण 7.8. 'अतिगंभीर' म्हणवायला 9 लागतात. हल्लेखोर आधी मशीनवर लॉगिन झालेला हवा, म्हणून गुण कापले. उंबऱ्याच्या आत आलेला तो पाहुणाच, अशी ही समजूत! आढावा संपला.

आता जे बोलायला मी बरीच वर्षं थांबले आहे ते. आपल्या धंद्यात अपटाइमचे सत्कार होतात. 'आमचा सर्व्हर 900 दिवस बंद पडलेला नाही' असं सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. मला त्यातून एवढंच ऐकू येतं, की 900 दिवस याने कर्नल बदललेला नाही.

2016चा ऑक्टोबर आठवा. डर्टी काऊ ही त्रुटी. लिनक्स कर्नलच्या 2.6.22 आवृत्तीपासून, म्हणजे 2007पासून, तिचा गैरफायदा घेता येत होता. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर साध्या युजरला लिहिता येत होतं. खुद्द लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत कबुली दिली, की 11 वर्षांपूर्वी आपणच ती बुजवायचा एक फसलेला प्रयत्न केला होता. मी तेव्हा एका शिक्षणसंस्थेत होते. दुरुस्ती आली त्याच आठवड्यात मी पॅकेज चढवलं. रीबूटची परवानगी मागितली, तर उत्तर आलं, दिवाळी होऊ द्या. मग परीक्षा होऊ द्या. मग निकाल लागू द्या. मधल्या काळात ऑडिटर येऊन गेले. त्यांनी पॅकेजांची यादी पाहिली, 'दुरुस्ती केलेली आहे' असा शेरा मारला आणि चहा घेऊन गेले. नवा कर्नल डिस्कवर होता, मेमरीत जुनाच धावत होता. यादीत हे दिसत नाही.

जानेवारीत एका सकाळी लॉगिन केलं, तर स्वागताच्या मजकुरात एक ओळ वाढलेली: 'मॅडम, रीबूट कधी?' ती फाइल रूटशिवाय कुणाला बदलता येत नाही. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दुपारी आपणहून येऊन उभा राहिला. त्या त्रुटीचे प्रयोग करताना मशीन अनेकदा गोठायचं. आमचं गोठलं असतं तर उठताना आपोआप नव्या कर्नलवर आलं असतं. माझं नशीब तेवढंही धड नव्हतं.

सकाळच्या सत्रात लाइव्ह पॅचिंगवर दोन निबंध वाचले गेले आणि वाद रंगला. कर्नल 4.0पासून, म्हणजे 2015पासून, ही सोय आहे आणि चांगली आहे. तरी एक ऐका. दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही वर्षभर चालत्या कर्नलला अशीच ठिगळं लावली. एका रात्री वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. मशीन उठलं, पण पगाराची प्रणाली उठेना. ती कुणीतरी हाताने चालू केलेली होती, आणि तो कुणीतरी कधीच नोकरी सोडून गेला होता. पाच तास शोधाशोध केली. माझ्यापुरता वाद त्या रात्री मिटला. रीबूट आपण का टाळतो? सेवा दहा मिनिटं थांबेल म्हणून नव्हे, मशीन परत उठेल याची आपल्यालाच खात्री नसते म्हणून. दर महिन्याला मशीन बंद करून उठवणाऱ्याला ती खात्री असते. अपटाइम जितका मोठा, तितकी ही भीती मुरलेली.

पीकेएक्झेकच्या वेळी कुणाची परवानगी लागली नाही. दुरुस्ती हातात येईपर्यंत त्या प्रोग्रॅमचा सेटयूआयडी बिट काढून ठेवायचा, एका ओळीचं काम. त्याच संध्याकाळी सगळ्यांनी केलं. म्हणजे आळशी आपण नाही. 'बंद' या शब्दाला भितो.

परिषदेने एक नमुना-करार तयार करावा, त्यात महिन्यातून एक रात्र रीबूटसाठी राखलेली असावी. मसुदा मी लिहीन म्हणते. कधी, ते विचारू नका. ऑडिटरांशीही कुणीतरी बोलायला हवं.

आता जेवणाआधी एवढंच करा. लॅपटॉप उघडा, आपल्या सर्वांत जुन्या सर्व्हरवर जा आणि युनेम चालवून धावत्या कर्नलची आवृत्ती पाहा. ती चढवलेल्या आवृत्तीशी जुळत नसेल, तर जेवण झाल्यावर साहेबांना फोन लावा.