औषधदानाची एक उपेक्षित बाजू : जबड्याच्या तज्ज्ञाचा शोध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



जैन परंपरेने गृहस्थाला चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी औषधदानाचा अर्थ बहुधा औषधाचे पैसे देणे एवढाच घेतला जातो. परंतु रुग्णाला योग्य दारापर्यंत वेळेत पोहोचविणे हेही औषधदानच होय. परभणी जिल्ह्यात ज्या दुखण्यांत हे दार लवकर सापडत नाही, त्यांत तोंड व जबड्याच्या विकारांची गणना करावी लागेल.

असे समजा की, जिंतूरकडून परभणीस येणारा एक तरुण मोटारसायकलवरून पडला. डोक्यास फारसे लागले नाही, पण जबडा सुजला. हाडाच्या डॉक्टरांकडे न्यावे, दाताच्या डॉक्टरांकडे न्यावे की कान-नाक-घशाच्या? प्रत्येक नातेवाइकाचे उत्तर निराळे असते. मध्ये चार दिवस जातात, सूज थोडी उतरते आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. वस्तुतः दातावर दात पूर्वीसारखा बसत नसेल किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर हाड मोडल्याचा संशय घेतलाच पाहिजे. उपचार न झाल्यास काही आठवड्यांत हाड वेडेवाकडे जुळू लागते आणि मग साधी भाकरी चावणेही कष्टाचे होते.

या कामाचा खरा जाणकार म्हणजे मुख व जबडा शल्यचिकित्सक. बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. त्यानंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम असतो, परंतु एम.डी.एस. अनेक शाखांत होते. दात सरळ करणारा, हिरड्यांवर उपचार करणारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारा हे तिघेही एम.डी.एस.च असतात. म्हणून पाटीवर एम.डी.एस. ही अक्षरे पाहून थांबू नये. शाखा कोणती, हे विचारावे. कापड घेताना पोत, पन्हा आणि रंगाचा पक्केपणा तपासणारा ग्राहक शस्त्रक्रियेपूर्वी मात्र एवढा प्रश्नही विचारीत नाही, हे नवल आहे. वैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. अनुभव, अंदाजे खर्च आणि भूल देण्याची सोय यांविषयी विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

या शाखेचा विकास पहिल्या महायुद्धाने झपाट्याने घडविला. खंदकांतील लढाईत असंख्य सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय उघडले आणि तेथे हॅरॉल्ड गिलिज या शल्यविशारदांच्या हाताखाली शल्यवैद्य व दंतवैद्य खांद्याला खांदा लावून काम करू लागले. चेहरा पुन्हा घडवायचा तर प्रथम दातांची जुळणी साधली पाहिजे, हा त्या अनुभवाचा मोठा धडा होता. आज तारांनी जबडे बांधण्याबरोबरच टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या व स्क्रू वापरून हाड स्थिर करता येते.

आता परभणीकरांनी जावे कोठे? अपघातात श्वास, रक्तस्राव आणि डोक्याची दुखापत यांना प्रथम स्थान. म्हणून आधी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जबड्याच्या पुढील उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय हे मराठवाड्याचे महत्त्वाचे ठिकाण आहे. परभणी, मानवत रोड आणि सेलू यांवरून तेथे थेट रेल्वे जाते. नांदेड आणि लातूर येथेही दंत महाविद्यालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते किंवा नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

अपघात दृष्टीस पडतो; सुपारीचा घात दिसत नाही. सप्तव्यसनांपासून दूर राहणाऱ्या कित्येक घरांत जेवणानंतर सुपारीचे तबक फिरते, पेढीवर ग्राहकापुढे सुपारी ठेवली जाते आणि तीत तंबाखू नाही म्हणून ती निर्दोष मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीही मानवास कर्करोगकारक ठरविली आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. घरातील तबकावरची बंदी मात्र घरानेच घालावयाची आहे. सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठर होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा ही धोक्याची खूण समजावी. तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. तिच्या भीतीने घालविलेला वेळच प्राणावर बेततो.

जन्मतः दुभंगलेल्या ओठांच्या व टाळूच्या बालकांबाबत समाजाने घालून दिलेला आदर्श येथे आठवतो. न्यूयॉर्कस्थित प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित हे दरवर्षी भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. अपघाताने शरीर पंगू झालेले, कर्करोगाने स्वरयंत्र हिरावलेले, तरीही त्यांचा हात थांबला नाही. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात त्यांची शिबिरे भरविली. शस्त्रक्रिया करणारे हात त्यांचे होते; परंतु खेड्यापाड्यांतून बालकांना शोधून, आईवडिलांची समजूत घालून, त्यांना शिबिरापर्यंत आणणारे हात कार्यकर्त्यांचे होते. हे दुसरे काम करण्यास पदवी लागत नाही.

म्हणूनच सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने तीन साध्या गोष्टी कराव्यात. पहिली, जबडा व मुखाच्या तज्ज्ञांची आणि रुग्णालयांची यादी कार्यालयात लावावी व ती दरवर्षी महावीर जयंतीपूर्वी पुन्हा तपासावी, कारण जुनी यादी रुग्णाला चुकीच्या दारी नेते. दुसरी, प्रत्येक तालुक्यात एक स्वयंसेवक नेमावा. रुग्णाचे कागद पाहून कोठे जावे हे सांगणे आणि पहिल्या खेपेस सोबत जाणे, एवढेच त्याचे काम. तिसरी, संस्थेच्या कोणत्याही कार्यक्रमात सुपारीऐवजी बडीशेप ठेवावी. यांपैकी कशासही मोठा निधी लागत नाही.

नेमगिरीच्या पायऱ्या चढताना थकलेल्या वृद्धाला कोणीतरी हात देतो. त्या वेळी तो वृद्ध कोणत्या गावचा, कोणत्या पंथाचा हे कोणी विचारीत नाही. दुखण्याच्या वाटेवर तोच हात पुढे यावा. ज्या घरातील मनुष्य पुन्हा नीट जेवू लागेल, बोलू लागेल, त्या घरी पुढच्या पन्नास वर्षांची पायाभरणी झालेली असेल.