गल्ल्यावरची नजर आणि गोष्टीवरचा विश्वास

२०१३ साली हॉलिवूडचा 'आयर्न मॅन ३' चीनमध्ये लागला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना हा चित्रपट इतरांपेक्षा काही मिनिटं जास्त पाहायला मिळाला. त्या वाढीव प्रसंगांत चिनी अभिनेते वांग श्युएची डॉक्टर वू झाले होते. हे डॉक्टर ग्लासात दूध ओतून घेतात, फोनवर बोलतात. फान बिंगबिंग ही बडी तारका त्यांची मदतनीस म्हणून क्षणभर दिसते. कथेशी या साऱ्याचा धागा जेमतेमच होता. चिनी प्रेक्षकांनी ते लगेच ओळखलं आणि बोलूनही दाखवलं.

चिनी प्रेक्षकांना खूश करण्याच्या या धडपडीमागे पैशाचं गणित होतं. उत्पन्नात वाटा मिळणाऱ्या परदेशी चित्रपटांची चीनमधली वार्षिक मर्यादा २०१२मध्ये २०वरून ३४ झाली आणि तिकीटविक्रीचा सुमारे २५ टक्के वाटा परदेशी स्टुडिओंना मिळू लागला. त्याच वर्षी वांडा या चिनी समूहाने अमेरिकेतली एएमसी ही चित्रपटगृहांची साखळी विकत घेतली. मग हॉलिवूडची लेखणीही जपून चालू लागली. 'रेड डॉन'च्या नव्या आवृत्तीत अमेरिकेवर चाल करून येणारे सैनिक चित्रीकरणाच्या वेळी चिनी होते. पडद्यावर येईपर्यंत संगणकाच्या मदतीने ते उत्तर कोरियाचे झाले. बाजार टिकवण्यासाठी गोष्टीचा कणाच बदलणं ही कलेशी केलेली प्रतारणा आहे.

२०२०च्या 'मुलान'वर सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले. कथा चिनी, नायिका ल्यू यीफेई. पण दिग्दर्शिका न्यूझीलंडच्या आणि श्रेयनामावलीतले चारही पटकथाकार अमेरिकी. ज्या चिनी प्रेक्षकांसाठी एवढा घाट घातला, त्यांच्याच देशात चित्रपट फिका पडला.

'कुंग फू पांडा ३'ची गोष्ट मात्र वेगळी. शांघायमधल्या स्टुडिओच्या भागीदारीत बनलेल्या या चित्रपटात मँडरिन संवादांसाठी पात्रांच्या ओठांच्या हालचाली नव्याने घडवल्या गेल्या. पो हा नायक पांडा बोलतो तेव्हा शब्द त्याच्याच तोंडचे वाटतात. त्या भाषेतल्या मुलांना दुय्यम प्रेक्षक न मानण्याची ही खूण होती. मेहनत दिसली, प्रतिसादही मिळाला.

आज चीनला हॉलिवूडची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. २०२५च्या 'न झा २' या चिनी अ‍ॅनिमेशनपटाने बहुतांशी मायदेशातल्या तिकिटांवरच दोन अब्ज डॉलरच्या वर कमाई केली.

मग पाश्चात्त्य निर्मात्यांनी काय करावं? याचं उत्तर दक्षिण कोरियात सापडतं. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांची 'स्क्विड गेम' या मालिकेची कथा सुमारे दहा वर्षं नाकारली जात होती. नेटफ्लिक्सने ती कोरियन भाषेत, कोरियन नटांसह होऊ दिली आणि २०२१मध्ये ती जगाने पाहिली. दोन वर्षांनी याच कंपनीने कोरियन निर्मितीसाठी चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर जाहीर केले.

अशा विश्वासाचं एक उदाहरण आपल्या घरचंही आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटामागे मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन कार्यकारी निर्माते म्हणून उभे राहिले. मुंबईतल्या एका ख्यालगायकाची ही कथा २०२०मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला गेली आणि सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार घेऊन आली.