जीवाणूंचा काटकसरीचा कारभार



मनुष्याच्या आतड्यात एशेरिकिया कोलाय नावाचा एक जीवाणू वास करतो. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी. परंतु या इवल्याशा देहात सुमारे ४,३०० जनुके नांदतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे घडवावे याचा जणू लेखी आदेशच होय. हे सर्व आदेश एकाच वेळी अमलात येऊ लागले, तर पेशीचे दिवाळे निघेल. अनुकूल परिस्थितीत हा जीवाणू वीस मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो. या शर्यतीत जो नको ते प्रथिन बनवीत बसेल, तो मागे पडेल. तेव्हा कोणते जनुक केव्हा बोलावे आणि केव्हा मौन पाळावे, हे ठरते तरी कसे?

या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ १९४० च्या पॅरिसमध्ये झाला. शहरावर जर्मन सैन्याचा अंमल होता. सोरबॉन विद्यापीठात झाक मोनो हा तरुण संशोधक जीवाणूंना दोन शर्करा एकत्र देऊन त्यांची वाढ मोजीत होता. द्राक्षशर्करा व दुग्धशर्करा दिल्या असता जीवाणूंनी प्रथम द्राक्षशर्करा संपविली. मग वाढ काही काळ थांबली आणि नंतर दुग्धशर्करेवर ती पुन्हा सुरू झाली. त्या विश्रांतीच्या काळात दुग्धशर्करा फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होत होते. एरवी पेशीत या विकराचे मोजकेच रेणू आढळतात. गरज पडताच त्यांची संख्या हजारोंवर जाते. पुढे हाच मोनो फ्रान्सच्या भूमिगत प्रतिकार चळवळीत उतरला.

दुग्धशर्करा पेशीला नवे काही शिकविते काय? साच्यात धातू ओतावा तसा विकराला आकार देते काय? अनेकांना तसे वाटत होते. या वादाला त्या काळी राजकारणाचाही वास होता. सोव्हिएत रशियात लायसेन्कोच्या आनुवंशिकताविरोधी मतांना राजाश्रय मिळाला, तेव्हा १९४८ मध्ये मोनो यांनी ‘कोंबा’ या वृत्तपत्रातून त्यांवर जाहीर टीका केली. पण उत्तर लेखणीने नव्हे, प्रयोगानेच मिळणार होते.

त्यासाठी जोडीदार लाभला तो फ्रान्स्वा झाकोब. वैद्यकाचा हा विद्यार्थी १९४० मध्ये इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाला आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत गंभीर जखमी झाला. शल्यचिकित्सक होण्याचे स्वप्न तेथेच संपले. १९५० मध्ये पाश्चर संस्थेच्या पोटमाळ्यावरील आंद्रे लवॉफ यांच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली.

१९५७ मध्ये अमेरिकेतून आलेले आर्थर पार्डी यांच्यासह या दोघांनी जो प्रयोग आरंभिला, तो साधेपणामुळेच लक्षात राहतो. जीवाणूंतही एका पेशीतून दुसरीत जनुके जातात. विकराचे जनुक आणि त्याचे नियमन करणारे जनुक ही दोन्ही बिघडलेली पेशी घेऊन तिच्यात दोन्ही जनुके निरोगी स्वरूपात सोडली. दुग्धशर्करेचा स्पर्शही नसताना काही मिनिटांतच विकर बनू लागले! मात्र तासा-दोन तासांत ते थांबले; प्रेरक द्रव्य घातले, तरच पुढे चालू राहिले. याचा अर्थ उघड होता. विकर बनविण्याचे ज्ञान जनुकापाशी मुळातच होते. नियामक जनुकापासून एक निरोधक पदार्थ हळूहळू साठत जातो आणि तो मनाई करतो. शर्करा काही शिकवीत नाही. ती केवळ मनाई उठविते.

१९६१ च्या प्रबंधात झाकोब व मोनो यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली. दुग्धशर्करेशी संबंधित तीन जनुके ओळीने असतात: एक शर्करा फोडणारे, एक तिला पेशीत आणणारे, तिसऱ्याचे काम गौण. तिघांच्या आरंभी एकच कळ असते. या संचास त्यांनी ऑपेरॉन हे नाव दिले. निरोधक त्या कळीवर ठाण मांडून बसतो. दुग्धशर्करा आत आली, की तिच्यापासून झालेला एक रेणू निरोधकाला चिकटतो, त्याचा आकार पालटतो आणि त्याची पकड सुटते. द्राक्षशर्करा हाताशी असेल, तर मात्र दुग्धशर्करेच्या प्रवेशालाच अडसर पडतो आणि जनुकवाचनाला उत्तेजन देणारा दुसरा संकेतही क्षीण राहतो. मोनो यांनी पाहिलेल्या विश्रांतीचे रहस्य ते हेच.

१९६५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक झाकोब, लवॉफ व मोनो यांना विभागून मिळाले. निरोधक तोवर कोणी हाती धरलेला नव्हता. १९६६ मध्ये हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला. एका पेशीत त्याचे रेणू जेमतेम दहाच्या आसपास. एवढ्या अल्प पहाऱ्यावर सारा बंदोबस्त!

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांची जनुके प्रयोगशाळेत जुळविली आणि ती याच दुग्धशर्करेच्या कळीमागे जोडून जीवाणूंकडून त्या साखळ्या बनवून घेतल्या. तोवर मधुमेही रुग्णांची भिस्त डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर होती. जीवाणूंनी घडविलेल्या मानवी इन्सुलिनच्या विक्रीस अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली.