शाळा सुटल्यानंतरचे पुस्तक : बडोद्याचा अनुभव



मूल अक्षरे शिकले की साक्षरतेचे कार्य संपले, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वास्तविक, वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे दोन-चार वर्षांतच विसरली जातात. बडोदे संस्थानाच्या ध्यानात ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आली होती.

महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील. १८७५ मध्ये ते दत्तक गेले, तोपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र मुलींसाठी ही सक्ती सात ते दहा या वयापुरतीच होती. दहाव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलीने पुढे वाचावे काय? घरी पुस्तक नाही, विकत घेण्याची ऐपत नाही. आणि ऐपत असली तरी मुलीच्या पुस्तकासाठी पैसा खर्चणारे पालक किती असणार!

या प्रश्नाला बडोद्याने ग्रंथालयांच्या रूपाने उत्तर दिले. १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना पाचारण करण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. तेथे सचित्र पुस्तकांबरोबर खेळांचीही सोय होती. मुलाने आधी ग्रंथालयात पाऊल टाकावे, पुस्तक मागाहून आपोआप हाती येईल, ही त्यामागील दृष्टी आजही विचारात घेण्याजोगी आहे.

खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव जात आणि वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. गावाने वर्गणी जमविली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत व सरकार प्रत्येकी देत असे. गावाचा स्वतःचा पैसा गुंतल्यामुळे ग्रंथालय हे सरकारचे नव्हे, आपले आहे, ही भावना रुजण्यास मदत झाली. त्यातही मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने गावोगाव मित्रमंडळ पुस्तकालयांचा प्रसार केला नसता, तर केवळ हुकूम काढून हे साधले असते असे वाटत नाही. मुलांसाठी पुस्तकेच थोडी, ही अडचणही होती. म्हणून श्री सयाजी बालज्ञानमालेतून मराठी व गुजराती पुस्तके काढण्यात आली.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे सांगितले आहे. तेव्हा पुस्तकांच्या तरतुदीपेक्षा अधिक लक्ष कपाटाकडे द्यावयास हवे. पुस्तक फाटेल, हरवेल, भरपाई आपल्याच माथी येईल, या धास्तीने ते कुलपात राहते. ही धास्ती अगदीच निराधार नाही. परंतु वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकास दोषी धरू नये, एवढे अधिकाऱ्यांनीही मनावर घेतले पाहिजे.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे कपाट आठवड्यातून दोन वेळा उघडावे, शाळा सोडलेल्या मुलामुलींनाही पुस्तके घरी न्यावयास द्यावीत आणि त्या काळात किल्ली गावातील कोणाकडे राहील, हे शाळा व्यवस्थापन समितीने आपल्या पुढील बैठकीतच ठरवावे.